पाचटाचा धूर आणि कोळशाचा धूर

नमस्कार. वाळवा-कराड पट्ट्यात ऊस तुटून गेला की पाचट पेटवलेले फड दिसू लागतात आणि त्या धुराकडे बोट दाखवून ‘यामुळेच पृथ्वी तापते आहे’ असे सहज म्हटले जाते. पाचट जाळू नये, असेच माझेही मत आहे. परंतु तापमानवाढीचा हिशेब मांडताना धूर किती निघाला यापेक्षा त्यातला कार्बन किती जुना आहे, हे आधी विचारावे लागते.

आडसाली उसाने हवेतला कार्बन डायऑक्साइड साधारण दीड वर्षात पानांवाटे घेतलेला असतो. पाचट जळाले, मुळे कुजली किंवा साखर आपल्या शरीरात खर्ची पडली की तोच वायू हवेत परततो आणि पुढचा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, तो पुन्हा ओढून घेतो. (पाचट जाळल्याने खरे नुकसान जमिनीचे होते, कारण सेंद्रिय कर्ब आणि नत्र दोन्ही हातचे जातात.)

दगडी कोळशाची गोष्ट वेगळी आहे. भारतातला बहुतांश कोळसा २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे. तो जाळला की इतका काळ चक्राबाहेर राहिलेला कार्बन नव्याने हवेत येतो. हे केवळ अनुमान नाही. कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार, कार्बन-१४, दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत असल्याने कोळशात आणि खनिज तेलात तो उरलेलाच नसतो. त्यामुळे ही इंधने जळू लागल्यावर हवेतले त्याचे प्रमाण घटायला हवे, आणि तशी घट रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५०च्या दशकात झाडांच्या लाकडात मोजून दाखवली.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली तेव्हा सुमारे ३१५ होते, आज ४२० हून अधिक आहेत. नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीतून निघणाऱ्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपातील) उष्णतेला जवळजवळ अडवत नाहीत, हा वायू मात्र ती शोषतो आणि तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी ही शोषणक्षमता १८५९ पासूनच्या प्रयोगांत मोजली होती.

इंधने आणि सिमेंट यांतून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या एकूण वायूपैकी निम्म्याच्या आसपास समुद्र आणि वनस्पती सामावून घेतात. उरलेला साठत जातो.

तो कायमचा काढून घेणारी एक वाट आपल्या सह्याद्रीतच आहे. पावसाचे पाणी हा वायू विरघळवून सौम्य आम्ल बनते आणि काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हळूहळू झिजवते. त्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातात आणि अखेरीस चुनखडक बनतात. कास पठारावरचा जांभा हा अशाच झिजेनंतर मागे राहिलेला अंश आहे. मात्र जगातले सगळे खडक मिळूनही वर्षाला आपल्या उत्सर्जनाच्या जेमतेम एक-दोन टक्केच वायू ओढतात. बेसाल्टची भुकटी शेतात पसरून ही क्रिया वेगाने घडवता येते का, याचे प्रयोग काही देशांत सुरू आहेत. दगड दळायला लागणारी वीज आणि वाहतुकीचे डिझेल वजा केल्यावर हाती किती उरते, यावर त्यांचा निकाल ठरेल.