रुमालाचा कमरपट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

थॉमस रायमर नावाचा एक खडूस इंग्रज टीकाकार होऊन गेला. १६९३ साली त्यानं शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर अशी काही आगपाखड केली की वाचताना आजही हसू येतं. त्याचा राग होता एका रुमालावर. एवढासा रुमाल हरवतो काय आणि नवरा बायकोचा जीव घेतो काय! मग या नाटकाला 'रुमालाची शोकांतिका' असंच नाव का दिलं नाही, असं त्यानं विचारलं. वर खवचटपणे म्हणाला, त्या बायकोचा, डेस्डेमोनाचा, मोज्याचा बंद हरवला असता, तर नवऱ्याला संशय आला हे पटलं तरी असतं.

तीनशे तेरा वर्षांनी, २००६ साली, विशाल भारद्वाज यांचा 'ओंकारा' आला, याच नाटकावर बेतलेला हिंदी चित्रपट. त्यात रुमाल नाहीच. तिथं आहे कमरबंद, आपला कमरपट्टा. रायमरच्या टोमण्याला परस्पर मिळालेलं उत्तरच म्हणा ना.

आमच्या घरी आजीचा एक चांदीचा कमरपट्टा होता. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला. घरात नवी सून आली की एक दिवस तिच्या कमरेला लागायचा आणि परत ट्रंकेत. एकदा मावसबहिणीनं शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचासाठी मागून नेला, तर आजीनं आठवड्यात तीन वेळा निरोप धाडला. नाचाची पोर ती, तिचं काय एवढं? पण तो दुसऱ्या कुणाच्या कमरेला दिसणं हेच आजीला सोसवेना. चित्रपटात ओंकारानं, म्हणजे तिथल्या ऑथेल्लोनं, डॉलीला, म्हणजे तिथल्या डेस्डेमोनाला, दिलेला खानदानी कमरबंद जेव्हा बिल्लो या नाचणाऱ्या बाईकडे पोचतो, तेव्हा मला त्या ट्रंकेची आठवण झाली होती. रुमाल काय, पडतो, राहतो, कुणीही उचलतो. कमरपट्टा असा सहज सांडत नाही. तो कुणीतरी सोडावा लागतो.

नाटकात रुमाल साधा नाही, हेही सांगायला हवं. ऑथेल्लो एकदा म्हणतो, तो माझ्या आईला एका इजिप्शियन बाईनं दिला, त्यात जादू आहे. शेवटी तोच म्हणतो, माझ्या वडिलांनी आईला दिला होता. दोन्ही गोष्टी त्याच्याच तोंडच्या! शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला एवढं पुरलं. आपल्याला ती जादू वगैरे गळी उतरली नसती. सासरचा दागिना मात्र न सांगता कळतो.

आता गंमत पाहा. मराठीला हे नाटक नवं नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये त्याचं भाषांतर केलं. पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला, म्हणजे माणसंही मराठी केली. तेव्हा नावं बदलणं, गाव बदलणं हे आपण सव्वाशे वर्षांपूर्वीच शिकलो होतो. 'ओंकारा'ची खरी करामत नात्यांमध्ये आहे.

ऑथेल्लो मूर आहे, कातडीचा काळा, व्हेनिसमध्ये उपरा. उत्तर प्रदेशातल्या राजकारणी टोळीत काळ्या रंगानं एवढं काय बिघडणार? म्हणून ओंकारा शुक्ला बाप ब्राह्मण, आई खालच्या मानलेल्या जातीची, असा 'आधा बामन' आहे. आणि ऑथेल्लोच्या मनात संशय पेरणारा तो इयागो? नाटकात तो हाताखालचा अधिकारी, आणि त्याची बायको एमिलिया ही डेस्डेमोनाची सोबतीण. चित्रपटात इयागोचा झाला लंगडा त्यागी, आणि त्याची बायको इंदू ही ओंकाराची बहीण आहे. म्हणजे लंगडा त्यागी घरचा जावई! त्याला डावलून ओंकारा आपली बाहुबलीची गादी टोळीतल्याच केसूला देतो. आता सांगा, जावयाचा मान हुकला की आपल्याकडे काय होतं ते! लग्नात नारळ आधी कुणाला दिला यावरून वर्षानुवर्षं न बोलणारी घरं तुमच्याही माहितीत असतील.

इथं माझी एक तक्रार आहे. नाटकातला इयागो बढती हुकल्याचं सांगतो, बायकोबद्दलचा संशय सांगतो. कारणं इतकी देतो की एकही पुरेसं वाटत नाही. त्यामुळे त्याची भीती वाटते. लंगडा त्यागीचं कारण मला लगेच समजतं, आणि समजलं की भीती थोडी ओसरते. सैफ अली खाननं त्यात प्राण ओतले हे खरंच. ते दात, ती चाल, ती शिवराळ बोली! मी आईला घेऊन गेले होते. पहिल्या दहा मिनिटांत तिनं पदर कानाला लावला, पण उठली मात्र नाही. शेक्सपिअरचं छंदोबद्ध काव्य टाकलं तर त्या जागी काहीतरी तितकंच घट्ट लागतं, ते त्या बोलीनं दिलं. गुळगुळीत पुस्तकी हिंदीत हा सिनेमा दोन रिळांत कोसळला असता.

सगळ्यांत धाडसाचा बदल मात्र लग्नाचा. नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा ऑथेल्लो-डेस्डेमोनाचं लग्न गुपचूप होऊन गेलेलं असतं. चित्रपटात डॉली बापाचं घर सोडून येते, पण लग्न शेवटी. म्हणजे संशय सबंध सिनेमाभर लग्नाच्या तयारीबरोबर वाढत जातो. हे हवेतून आलेलं नाही. चौथ्या अंकात डेस्डेमोना एमिलियाला म्हणते, आज रात्री पलंगावर माझ्या लग्नाच्या चादरी घाल. चादरींची ही एक ओळ; भारद्वाज यांनी तिचा शेवटचा सबंध प्रवेश केला. नवरीच्या अंगावर हळद-मेंदी ताजी, आणि तोंडावर उशी.

मग इंदूला नवऱ्यानं रचलेला कमरबंदाचा सगळा डाव ध्यानात येतो. नाटकात एमिलिया सत्य बोलते आणि इयागो तिला मारतो. तो स्वतः मात्र जिवंत राहतो, यापुढे एक शब्द बोलणार नाही म्हणतो. इथं बहिणीच्या हातात शेतातलं हत्यार आहे. ती नवऱ्यावर वार करते आणि विहिरीत उडी घेते. ओंकारा स्वतःला गोळी घालून खाली कोसळतो. त्याच्या वर टांगलेल्या झोपाळ्यावर डॉली आहे, आणि तो झोपाळा अजून हलतो आहे.