पाय मागे, छाती पुढे

(न्यूरो (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या) विभागात रुजू होणाऱ्या इंटर्न आणि नवोदित फिजिओथेरपिस्टांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

न्यूरो पोस्टिंगच्या पहिल्याच सकाळी इंटर्नला एक काम हमखास सांगितलं जातं: "त्या कोपऱ्यातल्या आजोबांना जरा उभं करा." सांगणाऱ्याला ते किरकोळ वाटतं आणि करणाऱ्यालाही. तुमच्यापैकी एक जण या बगलेत हात घालतो, आजोबांचा मुलगा त्या बगलेत, एक-दोन-तीन म्हणून ओढलं की आजोबा उभे. फाईलमध्ये नोंद होते, "सिट टू स्टँड (बसल्याचं उभं राहणं), मदतीने." पक्षाघाताच्या रुग्णाकडून दिवसातून सगळ्यात जास्त वेळा करून घेतली जाणारी हालचाल अशी उरकली जाते, म्हणून आजचा सगळा वेळ मी तिलाच देणार आहे. चालण्याबद्दल आज अवाक्षर काढणार नाही. स्वतःहून उठता येत नसेल, तर चार पावलं चालता येऊनही माणूस संडासला जाण्यासाठी कुणाची तरी वाट बघत बसतो.

आधी स्वतःवर करून बघा. खुर्चीत ताठ बसा, पावलं गुडघ्यांच्या पुढे सरकवा आणि पाठ तशीच सरळ ठेवून उठायचा प्रयत्न करा. जमत नाही ना? मांड्यांमध्ये ताकद आहे, तरी जमत नाही, कारण शरीराचं वजन खुर्चीवर राहिलं आणि पावलं भलतीकडे गेली. आता टाचा गुडघ्यांच्या रेषेच्या साधारण १० सेंटिमीटर मागे घ्या. घोटा १० ते १५ अंश वाकलेला, म्हणजे नडगी पावलावर पुढे कललेली हवी. पाठीला पोक न काढता खुब्यातून पुढे झुका. नाक पायाच्या बोटांवर आलं की बूड आपोआप हलकं होतं.

पुस्तकात या हालचालीचे चार टप्पे आहेत: धड पुढे जातं, बूड खुर्चीवरून सुटतं, खुबे आणि गुडघे सरळ होतात, मग उभं राहून तोल स्थिरावतो. निरोगी माणसाला हे सगळं करायला दोनेक सेकंद लागतात. यातला कठीण क्षण बूड सुटण्याचा. त्या वेळी गुडघे अजून वाकलेले असतात आणि भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, म्हणजे क्वाड्रिसेप्सवर येतो. पुढे झुकताना धडाला जो वेग मिळतो, तोच या क्षणी कामी येतो. म्हणून "हळू काका, सावकाश, घाई नको" हा आपला प्रेमळ सल्ला बऱ्याचदा नडतो. रुग्ण पुढे झुकतो, आपल्या सांगण्यावरून तिथेच थांबतो, मिळालेला वेग वाया जातो आणि आता त्याला निव्वळ ताकदीवर उठावं लागतं, जी त्याच्याकडे नाही. झुकणं आणि उठणं यांच्यात थांबा नको. सावकाश करायचं ते बसणं. त्याकडे नंतर येते.

सिडनीच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेफर्ड या दोघी फिजिओथेरपिस्टनी १९८०च्या दशकात ठामपणे मांडलं की पक्षाघातानंतरचा व्यायाम म्हणजे हरवलेलं काम पुन्हा शिकणं. ते काम तोडून, त्याचा अडलेला भाग शोधून, सराव करून घ्यायचा. आपल्या कामाला ही दृष्टी फार उपयोगी आहे. "उठता येत नाही" हे निदान पुरेसं नाही. कुठल्या टप्प्यावर अडतं, ते सांगा.

तयारीपासून सुरुवात करू. बैठकीची उंची मोजा, अंदाज नको. जमिनीपासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंतची उंची समजा ४२ सेंटिमीटर असेल, तर सुरुवातीची बैठक ५० च्या आसपास ठेवा, म्हणजे गुडघ्याच्या उंचीच्या साधारण १२० टक्के. उंची वाढली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. रुग्ण त्या उंचीवरून न ओढता, न ढकलता उठायला लागला की दोन-दोन सेंटिमीटरने खाली या. उंची बदलणारं प्लिंथ, म्हणजे उपचाराचा पलंग, असेल तर उत्तमच. नसेल तर प्लायवूडच्या फळ्या ठेवा. घरासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक बसवून भिंतीला टेकवल्या तरी काही सेंटिमीटर मिळतात. सोफ्यावर सराव करायला सांगू नका. सोफा बुटकाही असतो आणि बसल्यावर आणखी खाली जातो. रुग्णाला प्लिंथच्या कडेशी आणा, अर्धी मांडी बाहेर राहील असं. पायात मोजे आणि खाली टाइल्स असतील तर मोजे काढा.

आता पावलं. लकवा झालेला पाय नैसर्गिकपणे पुढे घसरतो आणि चांगला पाय मागे राहतो. मागे असलेल्या पायावर वजन जातं, हा साधा नियम. म्हणजे रुग्ण दिवसभर उठतो-बसतो आणि प्रत्येक वेळी फक्त चांगल्या पायाचा व्यायाम होतो. म्हणून दोन्ही पावलं एका रेषेत घ्या. ते जमलं की लुळा पाय चांगल्या पायापेक्षा थोडा मागे ठेवा. मग त्याला काम टाळता येत नाही. टाच उचलली जात असेल तर तिथेच थांबा आणि गुडघा वाकवून घोट्याची निष्क्रिय हालचाल (तुम्ही हलवून होणारी) गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजणाऱ्या पट्टीने, मोजा. दहा अंशही मिळत नसतील तर पोटरी आखडली आहे. आधी वेजवर, म्हणजे उतरत्या ठोकळ्यावर, उभं करणं, टिल्ट टेबल (रुग्णाला बांधून हळूहळू उभं करणारं टेबल), ताण देणं हे करावं लागेल. आखडलेल्या पोटरीवर "वजन टाका, वजन टाका" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

वजन खरंच पडतंय का, हे डोळ्यांना कळत नाही. घरगुती वजनाचे दोन सारखे काटे घ्या आणि एकेका पावलाखाली एकेक ठेवा. साठ किलोच्या माणसाचा लुळ्या बाजूचा काटा उठताना १२ वर अडकलेला दिसला की रुग्णालाही कळतं आणि तुम्हालाही. "काकू, हा काटा वीसपर्यंत न्या" ही सूचना "पायावर जोर द्या"पेक्षा कितीतरी चांगली. उठताना काटा घसरू नये म्हणून खाली रबरी चटई हवीच.

हातांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण नुकसान इथेच होतं. लकव्याच्या सुरुवातीच्या दिवसांत खांद्याभोवतीचे स्नायू सैल असतात. दंडाचं हाड खोबणीत धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही, आणि हाताचं सगळं वजन सांध्याभोवतीच्या पिशवीवर, म्हणजे कॅप्सूलवर, लोंबकळतं. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट ठेवून पाहा. बोटभर खळगा लागला तर ते सब्लक्सेशन, म्हणजे हाड खोबणीतून थोडं निसटणं. अशा हाताला धरून किंवा त्या बगलेत हात घालून माणसाला वर खेचलं की कॅप्सूल आणि आजूबाजूच्या ऊती ताणल्या जातात, आणि थोड्या दिवसांनी रुग्ण "खांद्याला हात लावू नका" म्हणायला लागतो. दुखरा खांदा सगळा उपचार अडवतो: झोप जाते, हात हलवायला नको वाटतो, पुढे बोटंही आखडतात. डोक्यावरची कप्पी या खांद्यासाठी वापरू नका. चांगला हात लुळ्या हाताला ओढून वर नेतो, खांद्याचं पातं मात्र सोबत फिरत नाही, आणि मऊ ऊती हाडांमध्ये चिमटल्या जातात. नातेवाईकांना कप्पी फार आवडते, दाराला दोरी बांधून देतातही. त्यांना समजावून सांगायला वेळ काढा. वॉर्डातल्या मामा-मावशींनाही सांगा, कारण रात्री रुग्णाला सरकवतात ते तेच.

मग धरायचं कुठे? कमरेला ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे रुग्णाला धरायचा पट्टा, बांधा. रुग्णासमोर, किंचित लुळ्या बाजूला, बुटक्या स्टुलावर बसा. समोर अगदी चिकटून उभं राहिलात तर तो पुढे झुकणार कसा? तुमच्या पोटावर डोकं आपटेल म्हणून तो मागेच राहील. एक हात लुळ्या गुडघ्याखाली, नडगीवर ठेवा आणि नडगीच्या दिशेने खाली, टाचेकडे दाब द्या, म्हणजे पाऊल जमिनीला चिकटतं. दुसरा हात मागून बेल्टवर. त्या हाताने वर उचलायचं नाही, पुढे यायची दिशा दाखवायची. लुळा हात समोरच्या टेबलावर ठेवून दोन्ही तळहात पुढे सरकवायला सांगा. टेबल हातांचं ओझं घेतं आणि धड पुढे यायला वाट मिळते. समोर वॉकर ठेवून "याला धरून उठा" असं सांगू नका, कारण चांगल्या हाताने ओढलं की वॉकर रुग्णावरच येतो.

उभं राहिल्यावर गुडघ्याकडे बघा. तो दोन प्रकारे बिघडतो आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. वाकून कोसळत असेल तर क्वाड्रिसेप्स कमी पडतात; तुमचा गुडघा त्याच्या गुडघ्याच्या पुढे टेकवून आधार द्या, पण दाबून मागे ढकलू नका. मागे जाऊन कुलूप लागल्यासारखा ताठ होत असेल, तर आखडलेली पोटरी, स्नायूंचा वाढलेला ताठरपणा (टोन) किंवा गुडघ्यावर ताबा नसणं, यांपैकी काय आहे ते शोधा. ताठ गुडघ्यावर रुग्ण छान उभा दिसतो, फोटोही चांगला येतो. पण मागचे बंध रोज ताणले जातात.

काही रुग्ण चांगल्या हातापायाने ढकलून स्वतःला लुळ्या बाजूकडे पाडतात आणि आपण सरळ करायला गेलो की जास्तच ढकलतात. याला पुशर म्हणतात. हा हट्ट समजू नका. त्या माणसाच्या लेखी तिरकं हेच सरळ असतं. ओढाओढी केली की तो घाबरतो. दाराची चौकट किंवा खिडकीचा उभा गज समोर ठेवा, "हा गज सरळ आहे, तुम्ही त्याच्याशी समांतर आहात का बघा" असं विचारा, आणि स्वतः चांगल्या बाजूला बसून "माझ्या खांद्याला खांदा लावा" म्हणा. इथे डोळ्यांना पटणं आधी, मग स्नायू.

आता बसणं. विद्यार्थी इथे लक्ष काढून घेतात. माणूस उभा राहिला, काम झालं. पण धपकन बसण्यानेच मणक्यांना दणका बसतो, खुर्ची सरकते, माणसं पडतात. बसतानाही पुढे झुकायचं आणि गुडघे वाकवत, एक-दोन-तीन मोजत खाली यायचं. मधेच थांबवा, पुन्हा थोडं वर घ्या. क्वाड्रिसेप्सची खरी मेहनत या उतरण्यात होते, आणि उठता न येणाऱ्यालाही उंच प्लिंथवर बसण्यापासून सुरुवात करता येते.

किती वेळा? उत्तर अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांमधल्या पक्षाघाताच्या रुग्णांच्या सत्रांचं निरीक्षण करून २००९ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले: हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२. मेंदूला शिकण्यासाठी हे फार कमी आहे. आपल्याकडे तर अर्धा वेळ शेक आणि करंटमध्ये जातो, कारण मशीन लावलं नाही तर "आज काही केलंच नाही" अशी नातेवाईकांची तक्रार येते. माझं मत स्पष्ट आहे: ४५ मिनिटांच्या वेळेत उठबसच किमान ५० वेळा व्हायला हवी, दहा-दहाच्या गटांत, मधे विश्रांती देऊन. मोजणी वहीवर काढा. मनातली मोजणी फुगते.

पण पहिल्या दिवसांत ही घाई नको. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आव्हर्ट चाचणीत २,१०४ रुग्ण होते. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत सुरू करून जास्त प्रमाणात उठवलेल्या गटाचे तीन महिन्यांनंतरचे निकाल नेहमीच्या उपचारापेक्षा कमी चांगले आले. सुरुवातीला थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा, हे धोरण ठेवा. उठवताना आधी झोपलेला असताना, मग बसल्यावर, आणि उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी रक्तदाब घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, चक्कर आली, चेहरा पांढरा पडला, तर बसवा आणि डॉक्टरांना कळवा.

नोंदीत "मदतीने" हा शब्द एकटा लिहू नका. असं लिहा: बैठक ४८ सेंटिमीटर, लुळं पाऊल मागे, एका माणसाचा बेल्टवर हलका आधार, १० पैकी ७ वेळा टाच जमिनीवर, लुळ्या बाजूचा काटा २० किलो. पाच वेळा उठबस ही चाचणी घेत असाल तर ४३ सेंटिमीटरची खुर्ची, हात छातीवर. लुळा हात छातीवर राहत नसेल तर ते लिहा. घड्याळ पाचव्यांदा उभं राहिल्यावर थांबवलं की बसल्यावर, तेही लिहा. दोन्ही पद्धती चालतात, पण दर आठवड्याला एकच असावी, नाहीतर सेकंद कमी झाले ते रुग्णामुळे की मोजणाऱ्यामुळे, हे कळायचं नाही.

डिस्चार्जच्या आधी घरातली मापं मागवा. पलंग, जेवायला बसायची जागा, संडास, या तीन उंच्या नातेवाईकांनी फोनवर कळवल्या तरी चालेल. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची लागेल. तिचे पाय ओल्या फरशीवर सरकत नाहीत ना आणि चांगल्या हाताच्या बाजूच्या भिंतीत आडवा गज लावता येतो का, ते विचारा. कमोड खुर्ची ४५ सेंटिमीटरची आणि रुग्ण आज ४८ वरून उठतोय, तर उरलेल्या दिवसांत कशाचा सराव करायचा, हे वेगळं सांगायला नको.