दात न कोरता कीड थांबवता येते

(पालक आणि बालवाडीच्या शिक्षिकांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय तुम्हाला ठाऊक आहे: दुधाच्या किडलेल्या दाढांवर कमीत कमी कोरकाम करून उपचार. पण आधी एका वाक्याशी मला भांडायचंय. ‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे की!’ हे आजी म्हणते, बाबा म्हणतात, आणि वाईट याचं वाटतं की काही डॉक्टरही म्हणतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, कबूल. मागच्या दाढा मात्र दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. चार वर्षांच्या मुलीची दाढ किडली, तर तिने पुढची सहा-आठ वर्षं एकाच बाजूने जेवायचं? शिवाय ती दाढ खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून असते. ती लवकर काढली की मागची दाढ पुढे सरकते, नवा दात वाकडा येतो, आणि मग तारा. हात वर करू नका, कोणाच्या घरी तारा लागल्यात ते चेहऱ्यांवरून कळतंय मला!

बरं, उपचार करायचा ठरला तर आपण काय करतो? दोघांनी हात धरायचे, एकाने डोकं. इंजेक्शन, मग ते घरघरणारं यंत्र. दाढ भरली जाते, पण ते मूल पुढे कित्येक वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही. ही भीती आपण लावलेली असते, म्हणून मला तिचा राग येतो.

स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल नावाच्या दंतवैद्य होत्या. साधा दवाखाना, रोजचे पेशंट. दुधाच्या दाढेवर स्टीलची तयार टोपी बसवायची तर तेव्हाची रीत अशी: भूल द्या, कीड कोरा, दाढ चहूबाजूंनी घासा, मग टोपी. हॉलबाईंनी भूल, कोरणं, घासणं, सगळंच सोडलं. मापाची टोपी निवडायची, आत ग्लास आयोनोमर सिमेंट (दाताला चिकटणारा लेप) भरायचं, दाढेवर दाबायची आणि मुलाला म्हणायचं, ‘चाव!’ कीड आत तशीच. ऐकायला भयंकर वाटतं ना? पण गडाला वेढा पडून रसद तुटली की आतल्यांचं जे होतं, तेच इथे होतं. जंतूंना साखर मिळेनाशी होते आणि कीड थांबते. चावताना टोपी आधी उंच लागते. काही आठवड्यांत चावा जुळून येतो.

त्यांनी १९८८ ते २००१ या काळात २५९ मुलांना ९७८ टोप्या बसवल्या आणि नोंदी ठेवल्या. त्यांचं विश्लेषण २००६ साली छापून आलं. पुढे १३२ मुलांवर रीतसर चाचणी झाली; एकाच मुलाची एक दाढ टोपीने झाकली, दुसरी नेहमीसारखी भरली. पाच वर्षांनी वेदना, गळू असं मोठं अपयश भरलेल्या दाढांत १६.५ टक्के आणि टोपीच्या दाढांत ३ टक्के.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, म्हणून उरलेलं भराभर. दुसरं साधन म्हणजे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. दात कोरडा करून छोट्या ब्रशने थेंब लावायचा. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात घट्ट करतं. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आई-बाबांना आधीच सांगायला हवं. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

घरी काय? फ्लोराइडची टूथपेस्ट: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. झोपताना दुधाची बाटली नको. महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे, आणि तेव्हा नुसत्या फ्लोराइडनेही काम होऊ शकतं.

आणि हे नक्की ऐका: मूल रात्री दाढ ठणकते म्हणून उठत असेल, हिरडीवर पुवाची पुळी असेल किंवा गाल सुजला असेल, तर टोपी आणि थेंब दोन्ही चालत नाहीत. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. त्या मुलाला उद्याच दाखवा.