व्हल्कन नावाचा ग्रह

नमस्कार, श्रोतेहो. आपल्या मनातला विचार बाहेरच्या वस्तूपर्यंत पोचतो तरी कसा? हा प्रश्न समजून घ्यायला मला एकाच माणसाची दोन गणितं फार मोलाची वाटतात.

युरेनसची चाल हिशेबात बसेना, तेव्हा फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी आकडेमोड करून सांगितलं, की पलीकडे आणखी एक ग्रह असला पाहिजे, आणि तो अमुक ठिकाणी असला पाहिजे. त्यांचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना मिळालं. त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत, नेपच्यून सापडला. गाले यांनी उलट कळवलं: तुम्ही जागा दाखवलेला ग्रह खरोखरच आहे.

पुढे १८५९ मध्ये बुधाच्या चालीतली तफावतही ल व्हेरिए यांनी तशीच सोडवली. सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी आहे, ते म्हणाले. त्या ग्रहाला नावही मिळालं, व्हल्कन. १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात तो दिसल्याचं अमेरिकेत दोघांनी सांगितलं. पण व्हल्कन नव्हताच! शतकाला ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने उलगडली.

माणूस तोच, रीत तीच, खात्रीही तेवढीच. ल व्हेरिए यांच्या मनात कितीही खोल पाहिलं असतं, तरी कुठला विचार ग्रहाला भिडलाय आणि कुठला नाही, हे तिथे कळलं नसतं. ते आकाशातच ठरणार होतं.

मग व्हल्कनबद्दलचं बोलणं निरर्थक होतं का? मला नाही पटत. निरर्थक बोलणं खोटंसुद्धा ठरत नाही. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, सशाच्या शिंगाबद्दल हाच वाद घातलाय. ससा खरा, शिंगही खरं. चूक आहे ती दोहोंच्या जोडणीत. व्हल्कनचंही तसंच. ग्रह ठाऊक होते, सूर्य ठाऊक होता, बुधाची कक्षा मोजलेली होती. म्हणून तर दुर्बीण कुठे वळवायची हे लोकांना कळलं, आणि तिथे काही नाही हेही कळू शकलं.

आणखी एक. नेपच्यून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तरी आत्ता तुम्ही त्याचाच विचार करताय. सॉल क्रिपकी या तत्त्वज्ञांनी १९७० च्या व्याख्यानांत याचं कारण दिलं: नाव एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतं, आणि ती साखळी मागे मूळ वस्तूपर्यंत पोचते. व्हल्कनची साखळीही तशीच शाबूत आहे, फक्त ती मागे जाऊन एका गणितापाशी संपते.