भंगारवाल्याच्या आधी

(ठाण्यात छंदप्रेमींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

जुने कॉम्प्युटर जमवतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग तुमच्याकडे ॲपल टू असेल?" नाही. कमोडोर ६४ पण नाही. ती यंत्रं देखणी आहेत, वादच नाही. पण त्यांना जीव लावणारी माणसं जगभर आहेत, त्यांचे सुटे भाग आजही नव्यानं बनतात. ऐरोलीत बसून, कस्टम ड्युटी भरून मी त्यात आणखी एकाची भर कशाला घालू? तुम्हाला हौस असेल तर खुशाल मागवा. माझा डोळा तुर्भ्याच्या आणि शिळफाट्याच्या गोदामांवर असतो. तिथे जे फुटतं ते इथलं असतं, आणि ते वाचवायला बाहेरून कोणी येणार नाही.

इथलं म्हणजे काय, ते सांगतो. १९७८ साली आयबीएम भारतातून गेली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत एचसीएल, विप्रो, डीसीएम, झेनिथ यांची यंत्रं आपल्या कचेऱ्यांत येऊन बसली. १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा सरकारी प्रकल्प निघाला. त्यातून ब्रिटनचा बीबीसी मायक्रो हा कॉम्प्युटर आपल्या पोरांच्या हाती आला, आणि तोच पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनं 'एससीएल युनिकॉर्न' या नावानं काढला. स्पेक्ट्रम प्लस हा ब्रिटनचाच घरगुती कॉम्प्युटरही डेसिबेल्स कंपनीनं परवाना घेऊन इथे विकला. बँकांत कॉम्प्युटर आणण्यासाठी नेमलेल्या रंगराजन समितीनंतर तिथे लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी यंत्रं आली. ज्यांनी तेव्हा बँकेत नोकरी केली त्यांना 'एएलपीएम' (ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन) ही अक्षरं अजून आठवत असतील, युनियनच्या भांडणांसकट.

पण माझ्या यादीत सगळ्यात वर आहे ते जिस्ट कार्ड. या कामाची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली. ते करणारे मोहन तांबे तिथून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आले आणि कार्ड कचेऱ्यांपर्यंत पोहोचलं. साध्या पीसीच्या स्लॉटमध्ये ते बसवायचं, की विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या डीबेस, वर्डस्टार अशा प्रोग्रॅममध्ये थेट देवनागरी उमटायची. आपण मराठी दाखवतोय याचा त्या प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा! आतली संकेतपद्धत, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला आकडा ते ठरवणारी पद्धत, इस्की. त्यात इंग्रजीच्या १२८ जागा तशाच ठेवून वरच्या १२८ भारतीय लिप्यांना दिलेल्या. ब्राह्मीतून निघालेल्या सगळ्या लिप्यांना मिळून संकेत एकच, त्यामुळे देवनागरीत भरलेलं नाव लिपी बदलली की गुजरातीत नाहीतर कानडीत समोर यायचं. १९९१ मध्ये त्याचं भारतीय मानक झालं. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं असलेला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्याच घराण्यातला. तो तुमच्या आजच्या विंडोजमध्येही आहे. कार्ड मात्र शोधूनही सापडत नाही, कारण भंगारवाल्याच्या लेखी ते एक लांबडं बोर्ड, बस.

त्याचा हिशेब समजून घ्या. कॅबिनेट लोखंडाच्या भावानं जातं, वायर तांब्याच्या, आणि बोर्ड त्यातल्या सोन्याच्या. सिरॅमिकचे जुने प्रोसेसर तर तो वेगळेच काढून ठेवतो. १९९५चा पेंटियम प्रो सोन्यासाठी इतका नावाजलेला आहे की चालू स्थितीतलाही ॲसिडात जातो. ते ॲसिडचं काम कोण करतं आणि त्याच्या फुप्फुसांचं काय होतं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. आपल्यापुरतं एवढंच, की गोदामात 'ॲन्टिक' हा शब्द तोंडातून निघाला की भाव चौपट झालाच. मी विचारतो, "बोर्ड किलोनं कसं लावलं?" आणि वर थोडे जास्त देतो. फोडायचे कष्ट वाचले म्हणून तो खूश, बोर्ड अख्खं मिळालं म्हणून मी.

मोठ्या कंपन्यांचा दरवाजा आता जवळपास बंद झालाय. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्यांनी ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिसायकलर किंवा रिफर्बिशर (जुनं दुरुस्त करून विकणारा) यांनाच द्यायचा. नियम योग्य आहे, माझी तक्रार नाही. तेव्हा महापे-रबाळ्याच्या गेटांवर ताटकळण्यापेक्षा वागळे इस्टेटमधले जुने छापखाने, डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे), निवृत्त सीए, टायपिंग क्लासवाले गाठा. त्यांच्या माळ्यावर काय काय पडलंय ते त्यांनाही ठाऊक नसतं.

यंत्र घरी आलं की प्लग लावायचा मोह होतो. तो आवरा. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर असतात, आत धातूचा मुलामा दिलेला कागद. वरच्या आवरणाला कालांतरानं बारीक तडे जातात, त्यातून ओल आत शिरते आणि २३० व्होल्ट मिळाले की घरभर धूर. खाडीकाठच्या आपल्या हवेत तर काही विचारूच नका. ते आधी बदला. मग इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड घ्या, १०० वॅटच्या बल्बचा, म्हणजे यंत्राला वीज त्या बल्बमधूनच मिळते. स्विच दाबल्यावर बल्ब क्षणभर भडकून मंदावला तर ठीक. भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. एलईडी इथे कामाचा नाही. म्हणून फिलामेंटचे बल्ब दिसतील तिथून मी उचलून ठेवतो, बायको काहीही म्हणो.

दुसरा शत्रू बॅटरी. २८६ ते ४८६ या पेंटियमच्या आधीच्या प्रोसेसरांच्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याचे ट्रॅक खात सुटतं. वरून हिरवट-पांढरी भुकटी दिसते, खरी नासाडी कीबोर्ड कंट्रोलरच्या सॉकेटखाली असते. बॅटरी कटरनं तोडून काढा. मग टूथब्रशनं पांढरं व्हिनेगर लावा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्या अल्कलीचं कार्बोनेट झालेलं असतं, म्हणून ते फसफसतं. फसफस थांबेपर्यंत लावत राहा, मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा आणि नीट वाळू द्या. त्यानंतर मल्टिमीटर बीपवर (जोडणी सलग असेल तर वाजतो) ठेवून एकेक ट्रॅक तपासा, तुटला असेल तिथे वाइंडिंगची बारीक तार टाका. नवीन बटण-सेल लावताना मध्ये डायोड हवाच, म्हणजे वीज उलटी सेलमध्ये जात नाही. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचं. हा सेल चार्जिंगचा नव्हे.

पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पार्लरमधलं पेरॉक्साइड लावून उन्हात पांढरं करतात. होतं पांढरं, पण पुन्हा पिवळं पडतं. मी त्या वाटेला जात नाही.

आता छापखाने. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारे सामाईक संकेत, येण्याआधी मराठी डीटीपीत प्रत्येक फॉन्ट पॅकेजचे संकेत वेगळे. एकाची फाइल दुसरीकडे उघडली की नुसता कचरा. त्यातून पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या सॉकेटला, डोंगल (चोरून कॉपी होऊ नये म्हणूनची किल्ली) लावल्याशिवाय कित्येक सॉफ्टवेअर चालूच व्हायचं नाही, आणि यूएसबीचे कन्व्हर्टर प्रिंटरपुरते, डोंगल त्यांना बहुतेक वेळा ओळखतच नाही. म्हणजे १९९७च्या एखाद्या दिवाळी अंकाच्या फाइली वाचायच्या तर तसं पोर्ट असलेलं यंत्र आणि तेच डोंगल, दोन्ही हवं. छापखान्याच्या खणात धूळ खात पडलेलं डोंगल मी पेंटियमपेक्षा मोलाचं मानतो. फ्लॉपी सापडल्या तर लगेच ड्राइव्हमध्ये कोंबू नका. शटर सरकवून उजेडात धरा. चकतीवर बुरशीचे ठिपके असतील तर आधी सफाई, नाहीतर ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला घाण चिकटेल आणि पुढची फ्लॉपीही हातची जाईल.

देवाणघेवाणीबद्दल थोडं. आपल्यात पैशापेक्षा अदलाबदल बरी चालते, रॅमच्या बदल्यात ड्राइव्ह वगैरे. 'अनटेस्टेड' लिहिलेलं असेल तर लावून बघितलंय आणि बंद निघालंय असंच धरून चाला. फोटो बॅटरीच्या बाजूचा मागा. समोरून सगळेच देखणे असतात. आणि सीएच्या हार्ड डिस्कमध्ये लोकांचे रिटर्न असतात. मालकाला विचारून त्याचा डेटा त्याला द्या, मग डिस्क पुसा. न पुसता डिस्क विकणाऱ्याशी मी व्यवहार करत नाही. अलीकडे टीव्हीएस गोल्ड कीबोर्डचे भावही चढलेत. आतले बटणांखालचे निळे चेरी स्विच उपटून बाकीचा कीबोर्ड फेकणारे वीर आहेत, त्यांना तर चहासुद्धा पाजू नये.

मला सध्या जिस्ट कार्ड हवंय. चालू असो, बंद असो, अर्धं जळालेलं असो. मॅन्युअल आणि कीबोर्डवरची देवनागरी स्टिकरं असतील तर सोन्याहून पिवळं. बदल्यात ४८६चा अख्खा सेट देईन, मॉनिटरसकट. ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठेही पोहोचवतो, टेम्पोभाडं माझं. आता प्रश्न विचारा.