पाणी प्यायलेली फळी

(दृश्य: पहाट. सातपाटीची खाडी, ओहोटी. चिखलात कलंडलेल्या होड्या. काठावर ताडपत्रीखाली एक लाकडी बोट.)

सातपाटी, जिल्हा पालघर. जुलैचा शेवटचा आठवडा. रात्रभर कोसळून पावसाने आत्ता कुठे उघडीप दिली आहे.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचे दिवस आणि खवळलेला दर्या, दोन्ही एकाच वेळी येतात. बंदीची तारीख सरकार ठरवतं. बोट वर कधी घ्यायची, हे मात्र उधाण ठरवतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत उंच चढते. त्या पाण्यावर बोट काठाला लावायची, ओंडक्यांचा आधार द्यायचा आणि थांबायचं. पाणी उतरलं की बोट आपोआप कोरड्यावर. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या बुटक्या भरतीला पाणी इथवर पोचतच नाही. त्यामुळे बोट पुन्हा उतरवायची, तरी वाट उधाणाचीच.

(दृश्य: ताडपत्री निघते. बोटीचा पुढचा निमुळता भाग, मग संपूर्ण अंग.)

हिची ठेवण बघा. रुंद अंग, उंच काठ, सरळ कणा आणि टोकदार नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मच्छीमार बोटींच्या वर्णनांत याच गावाचं नाव घेऊन हा प्रकार ओळखला जातो. पापलेटच्या जाळ्यांमागे लांब जाणारी ही बोट. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य मासा म्हणून मान दिला, तोच हा पापलेट.

(दृश्य: सुतार हातोडीने फळ्या वाजवत बोटीभोवती फिरतात.)

सुतारमामांनी साठी ओलांडली आहे. ते बोटीला आधी वाजवून बघतात. निरोगी फळी टणक बोलते, आतून कुजलेली फळी बद्द आवाज देते. खारं पाणी लाकडाला तसं सोसतं. खरे शत्रू दोन: साचून राहिलेलं पावसाचं गोडं पाणी आणि लाकूड आतून पोखरणारा समुद्री जीव. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला. बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत करंगळीएवढा बोगदा, म्हणून डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त.

"नाखवा, ही काढायला लागणार."

"काढा मामा. अर्धवट नको ठेवू."

(दृश्य: खराब फळी निघते. आतले वाक दिसतात.)

फळी निघाली की बोटीच्या फासळ्या दिसतात. या फासळ्यांसाठी जन्मतःच वाकडं असलेलं लाकूड शोधतात. सरळ लाकूड कापून वाकण आणलं तर रेषा तुटतात आणि नेमक्या तिथेच ते मोडतं. नवी फळी मात्र सरळच येते. ती ओली करायची, विस्तवावर शेकायची आणि हळूहळू बोटीच्या अंगाबरोबर वळवायची. मामांकडे कागदावर काढलेला आराखडा नाही. जुनी फळी नव्यावर ठेवली, पेन्सिलीने रेघ मारली, झालं.

लाकडी बोट अशी एकेक फळी बदलत कितीतरी वर्षं चालते. मला या बोटीचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं.

(दृश्य: जवळून. दोन फळ्यांमधली फट. कापसाची वात. छिन्नी, लाकडी हातोडा.)

आता या बोटीचं सर्वांत नाजूक काम. दोन फळ्यांमध्ये फट राहतेच. आकडीने जुना कापूस उकरून काढायचा. नवा कापूस पिळून त्याची वात करायची, तेलात भिजवायची आणि बोथट छिन्नीने फटीत ठोकत न्यायची. वर राळ आणि तेलाचा लेप.

किती ठोकायचं, हे मामांच्या मनगटाला ठाऊक आहे. कमी ठोकलं तर पाणी आत येतं. फार ठोकलं तर त्याहून वाईट. बोट पाण्यात गेली की फळ्या पाणी पितात आणि फुगतात, आणि फटीत जागाच उरली नसेल तर त्या एकमेकींना रेटून खिळे सैल करतात. म्हणून थोडी फट लाकडासाठी सोडायची. शेवटचा सांधा सुतार भरत नाही, समुद्र भरतो.

(इथे निवेदन नाही. फक्त ठोकण्याचा आवाज. सुतारांचे हात.)

या आवारात छिन्नी धरणारे हात आता मोजके उरलेत. त्यात तरुण एकही नाही. फायबरची बोट हलकी, तिला कापूस लागत नाही, म्हणून अनेकजण तिकडे वळले. हे काम रीतसर शिकवणारा वर्ग या किनाऱ्यावर असायलाच हवा, आणि तो मामांचे हात चालताहेत तोवर सुरू व्हायला हवा.

(दृश्य: बोटीचा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर), शाफ्ट. मग रंगकाम.)

इंजिनाचं तेल बदललं. शाफ्टजवळची जस्ताची वडी नवी बसली. खाऱ्या पाण्यात आधी ती झिजते आणि पंखा वाचतो. बर्फाचे खण धुतले. पाण्याखाली राहणाऱ्या अंगाला तांबडा रंग चढतोय. त्यात तांब्याचा अंश असतो, त्यामुळे शिंपले चिकटायला कचरतात. तो सगळ्यात शेवटी लावायचा, कारण पाण्याबाहेर त्याचा जोर वाया जातो.

नाळेवर नोंदणी क्रमांक. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या क्रमांकाकडे आणि खलाशांच्या ओळखपत्रांकडे किनाऱ्यावर फार बारकाईने पाहिलं जातं.

(दृश्य: अंगणात पसरलेली जाळी. बायका फाटके डोळे विणताहेत.)

पूर्वी जाळी सुताची असत आणि कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळत. आता नायलॉन आहे, पण फाटलेला डोळा आजही हातानेच विणावा लागतो.

(दृश्य: पौर्णिमेची भरती. हळद-कुंकू, हार, नारळ. माणसं बोटीला खांदा देतात.)

बंदी १ ऑगस्टला उठते. तरी अनेक घरं नारळी पौर्णिमेची पूजा झाल्याशिवाय निघत नाहीत. पूर्वी राज्यातली बंदीही हीच पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांतल्या आधीच्या दिवशी संपायची. पौर्णिमा म्हणजे उधाण. नारळ भरल्या पाण्यात पडतो आणि त्याच पाण्यावर बोट उतरते.

(इथे निवेदन नाही. "हैय्या"चा गजर. ओंडके सुटतात. बोट तरंगते.)

(दृश्य: रात्र. बोटीवर एक कंदील.)

पहिल्या रात्री बोट खाडीतच नांगरून ठेवतात. एक माणूस जागा राहतो. सांध्यांतून पाणी झिरपतं, तो ते उपसतो. थोड्या वेळाने पुन्हा उपसतो. फळ्या पाणी पीत असतात.

(दृश्य: पहाट. सुतारमामा काठावरून हाक देतात.)

"किती आलं रे?"

"शेवटी तांब्याभर, मामा."