निळे इलेक्ट्रॉन

सातारा जिल्हा, पाटण तालुका. कोयनेचं धरण याच तालुक्यात. तिथलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरतं, पश्चिमेला पोफळीकडे जातं. कोयना प्रकल्पाची वीजक्षमता १,९६० मेगावॅट. या वर्गात मात्र आज सकाळपासून लाईट नाही.

म्हणून तर बाईंनी टॅब रात्रीच चार्ज करून आणलाय. टॅब एक, मुलं पंचवीस.

आठवीचा तास, विषय विद्युतधारा. टॅब अजून पिशवीतच आहे. आधी टेबलावर दोन सेल, वायरचे तुकडे, टॉर्चचा बल्ब. बल्ब लागतो. वायरच्या आत काय चाललंय, ते मात्र कुणाला दिसत नाही. आता टॅब बाहेर.

टॅबवर आहे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचा प्रयोग. हे ‘फेट’ प्रकल्पाचं. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. पैसे पडत नाहीत, एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, आणि यातली कित्येक सिम्युलेशन्स मराठीत आहेत.

पडद्यावरच्या वायरमधून निळे गोळे, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागतात. सेलची दोन टोकं थेट वायरनं जोडली की सेल पेट घेतो. टेबलावर असलं काही करू देणार कोण? इथं सगळ्या वर्गानं आळीपाळीनं सेल पेटवला. काहींनी दोनदा.

मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, ह्ये तर गोगलगाईगत चाल्ल्यात. मग बटण दाबल्यावर दिवा लगीच कसा लागतो?”

फळ्यावर काढलेले विद्युतधारेचे बाण बघून हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता.

बाई उत्तर उसाच्या रानातून आणतात. पाइप रिकामा असला तर मोटर चालू केल्यावर पाणी यायला वेळ लागतो. भरलेला असला तर?

“लगीच येतंय!”

वायर म्हणजे कायम भरलेला पाइप. घरातल्या वायरीत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही पुढं जात नाहीत. धक्का मात्र प्रकाशाच्या वेगाशी तुलना व्हावी इतक्या झपाट्यानं पोचतो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सहज विचारलं, इलेक्ट्रॉनचा रंग कोणता? निम्म्या वर्गाचे हात वर. निळा! आकार? हरभऱ्याएवढा!

पडद्यावर पाहिलेलं पुसणं फळ्यावरचं पुसण्याइतकं सोपं नाही. बाई पांढऱ्या खडूनं गोळा काढतात. शेजारी पिवळ्यानं दुसरा, लालनं तिसरा.

“आता सांगा, कोणता रंग?”

वर्ग गप्प. मग एकजण हळूच म्हणतो, “ज्यो खडू घ्याल त्यो, बाई.”